सत्कर्माची वही आणि आमचे वॉचमनकाका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत ‘सत्कर्म वही’ या शालेय उपक्रमाचं पानभर कौतुक वाचलं. रोज एक चांगलं काम करायचं, त्याचा फोटो वहीत चिकटवायचा, खाली ‘मला काय वाटले’ ते चार ओळींत लिहायचं आणि पालकांची सही घ्यायची. यातून इतर मुलांना प्रेरणा मिळते, असं मुख्याध्यापिकाबाई म्हणतात आणि तुमचे प्रतिनिधीही मान डोलावतात. त्यांनी एक संध्याकाळ आमच्या सोसायटीच्या गेटवर काढायला हवी होती. चहा मी पाजला असता.

आमच्या सोसायटीतली बरीच मुलं अशाच एका शाळेत जातात. माझा नातूही जातो. थंडी सुरू झाल्याबरोबर ‘गरजूंना मदत’ हा आठवडा आला. आता अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या पोरांनी गरजू आणायचा कुठून? सगळ्यांना एकच सापडला, आमचे वॉचमनकाका. ए विंगमधली मुलगी स्वेटर घेऊन आली. तिच्या आईने काकांना उजेडात उभं केलं, हसायला सांगितलं, फोटो काढला. मग बी विंगमधला मुलगा बिस्किटाचा पुडा घेऊन आला. त्याच्यामागे आणखी दोघं, हातात काहीच नाही. त्यांनी तोच पुडा काकांच्या हातून घेतला आणि पुन्हा काकांनाच दिला. प्रत्येकाचा वेगळा फोटो. एका पुड्यात तीन सत्कर्मं! पुण्याचा इतका स्वस्त हिशेब आमच्या आजीच्या पोथ्यांतही नव्हता.

स्वेटर हातात धरून काकांनी त्या बाईंना विचारलं, ‘‘ताई, हे ठेवायचं का परत द्यायचं?’’ त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. बाईंनी उत्तर द्यायला जो वेळ घेतला, तो पाहून मी वर निघून आलो. नंतर काका मला म्हणाले, ‘‘सर, पोरांना सांगा, ड्यूटी बदलल्यावर या. फोटोच्या टायमाला गाड्या तुंबतात अन् सेक्रेटरीसाहेब मला बोलतात.’’

मी खानदेशातला, आयुष्य शाळेत गेलं. माझे वडील लहानपणी अमळनेरच्या छात्रालयात होते. तिथे साने गुरुजी होते हे तुमच्या वाचकांना सांगायला नको. १९२४ ते १९३० या काळात ते तिथल्या प्रताप हायस्कुलात शिकवत आणि छात्रालयही सांभाळत. वडील सांगायचे, खोलीत पसारा टाकून शाळेत जावं आणि परत यावं तर अंथरुणं घड्या घालून ठेवलेली, कंदिलाच्या काचा पुसलेल्या, कोपऱ्यात बोळा करून टाकलेलं धोतर धुऊन दोरीवर वाळत घातलेलं. कुणी केलं ते सांगणारं कुणी नाही. पहिल्यांदा पोरांना वाटलं, बरं झालं, फुकट गडी मिळाला. मग एकाने गुरुजींनाच काच पुसताना पाहिलं. वडिलांना त्या रात्री झोप लागली नाही म्हणे. गुरुजी रागावले असते तर लागली असती, असंही ते म्हणायचे.

गुरुजी त्या मुलांसाठी रोज हाताने एक ‘छात्रालय दैनिक’ लिहीत. म्हणजे छापून यायची सोय त्यांच्या हातातच होती. पण धोतराची बातमी तिथे वाचल्याचं वडिलांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

त्या धोतराने आमच्या वडिलांचं जे केलं ते आम्ही घरच्यांनी पुढे आयुष्यभर सोसलं, असंच म्हणायला हवं. लग्नाच्या पंगतीतून उठले की स्वतःची पत्रावळ तर उचलतच, शेजारच्या दोघांच्याही उचलत. मुलाकडचे असोत की मुलीकडचे. माझ्या मामाला याची इतकी लाज वाटे की तो मुद्दाम दुसऱ्या पंगतीला बसायचा. पण त्याच मामाला मी उतारवयात आमच्याकडे जेवण झाल्यावर ताट घासताना पाहिलंय. कोणी पाहत नाही ना, याची आधी खात्री करून घ्यायचा. वडील त्याला याबद्दल कधी एक शब्दही बोलले नव्हते.

पुरवणीतल्या लेखात गाडगेबाबांचंही नाव होतं, फोटोसकट. ते नाव घ्यायला निदान थोडी भीड हवी होती. बाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घेत. निमंत्रण नाही, हार नाही. दिवसभर गाव झाडायचं, रात्री कीर्तनात लोकांच्या डोक्यातला केर काढायचा आणि पाया पडायला कोणी वाकलं की त्याला झिडकारायचं. लोक आधी बघत राहत, मग एखादा ओशाळून झाडू आणायला घरी जाई. पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे लोकवर्गणीतून धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतः मात्र अंगावर चिंध्या नि हातात गाडगं. २० डिसेंबर १९५६ ला ते गेले. आता दर वर्षी त्या दिवशी तुमच्या पेपरात कोऱ्या, लेबल न काढलेल्या झाडूंसह उभ्या असलेल्या पुढाऱ्यांचा फोटो असतो. रस्ता आदल्या रात्रीच झाडून घेतलेला असतो, म्हणून सकाळी त्यावर थोडा पाला पसरावा लागतो. हे मी पाहिलंय. पाला पसरायला कोणाला लावतात तेही पाहिलंय.

यावर कोणी म्हणेल, बाबांच्या नावाने सरकारने ग्रामस्वच्छता अभियान काढलं, त्याला बक्षिसं होती आणि गावं सुधारली. कबूल. आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना २०००-०१ मध्ये ते सुरू झालं तेव्हा मी नोकरीत होतो. लोक पहाटे उठून गटारं उपसताना पाहून मीही भारावलो होतो. पण आमच्या शेजारच्या गावाने तपासणीपुरत्या भिंती रंगवल्या, समिती येऊन गेली आणि पोळ्यापर्यंत उकिरडे परत जागच्या जागी. जी गावं टिकली तिथे बक्षीस संपल्यावरही झाडणारं कोणी तरी होतं. तो माणूस तुमच्या प्रतिनिधींना सापडला तर जरूर छापा, पण त्याला आधी विचारा. बहुतेक तो नको म्हणेल.

मुलांवर माझा राग नाही. दहा गुण आहेत म्हटल्यावर ती फोटो काढणारच. माझा नातू परवा ‘मला काय वाटले’ या रकान्यात काय लिहू म्हणून विचारत होता. मी म्हटलं, जे वाटलं ते लिही. तो म्हणाला, ‘‘आजोबा, खरं लिहिलं तर बाई पुन्हा लिहायला लावतात.’’ बाईंचाही इलाज नसावा, त्यांच्या डोक्यावर अहवाल असतो. पण निदान वर्तमानपत्राने तरी या प्रकाराला पानभर आरती ओवाळू नये.

जाता जाता आणखी एक. स्थानिक पानावर गेल्या आठवड्यात एका रुग्णाला केळी देणारे अकरा जण छापलेत, सगळ्यांची नावं डावीकडून उजवीकडे. रुग्णाच्या चेहऱ्यावर कोणाचा तरी कोपर आलाय.

आणि माझं मागचं पत्र. सोसायटीसमोरचे दिवे रात्रभर चालू ठेवू नयेत ‘असे माझे म्हणणे नाही’, असं मी लिहिलं होतं. जागेअभावी तुम्ही शेवटचे चार शब्द उडवलेत. आमच्या समोरचे कुटुंब अजून माझ्याशी बोलत नाही. हे पत्र लांबलंय याची मला कल्पना आहे. कापायचं तर आख्खा परिच्छेद कापा, वाक्यं मधून तोडू नका, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, नाशिक