मोनॅकोतल्या अनोळखी आजींना पत्र

आदरणीय आजी,

आपले नाव विचारायचे राहून गेले, म्हणून वयाच्या मानाने आजी म्हणतो. राग मानू नये. २४ मे २०२४ रोजी, मोनॅको ग्रां प्री या फॉर्म्युला वन मोटारशर्यतीच्या आठवड्यातल्या शुक्रवारी संध्याकाळी, ट्रॅकवरच्या सँत देव्होतच्या वळणाजवळ माझे बाबा गुडघा धरून पायरीवर बसले होते आणि पावाची पिशवी घेऊन घरी निघालेल्या आपण त्यांना पाहून थांबलात. त्या थांबण्याबद्दल मनापासून आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

बाबांना पोर्तिएचे वळण पाहायचे होते. १९८८ च्या शर्यतीत ब्राझीलचा ड्रायव्हर आयर्टन सेना सुमारे पन्नास सेकंदांची आघाडी घेऊन पुढे असताना तिथेच कठड्याला धडकला आणि पिटमध्ये, म्हणजे आपल्या संघाच्या गॅरेजकडे, न परतता जवळच्या आपल्या घरी निघून गेला, ही हकीकत मी लहानपणापासून बाबांच्या तोंडून ऐकत आलो आहे. शहराच्या ज्या रस्त्यांचा ट्रॅक होतो, ते संध्याकाळी पुन्हा खुले होतात, तेव्हा चालत जाऊ, असे आम्ही ठरवले. सबंध देश जेमतेम दोन चौरस किलोमीटरचा आणि ट्रॅकची एक फेरी ३.३३७ किलोमीटरची, त्यामुळे नकाशावर सगळे हाकेच्या अंतरावर वाटत होते. पण नकाशात चढ दिसत नाही. सँत देव्होतपासून कसिनोच्या चौकापर्यंतचा जो चाळीसेक मीटरचा चढ गाड्या काही सेकंदांत चढून जातात, तो गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्या माणसाला किती जड जाईल, याचा विचार मी आधीच करायला हवा होता.

आपल्याला इंग्रजी येत नव्हते आणि आम्हाला फ्रेंच. आपण बाबांच्या गुडघ्याकडे पाहिलेत, वर बोट दाखवलेत आणि "असान्सर", म्हणजे लिफ्ट, हा शब्द दोनदा सावकाश उच्चारलात. आधी मात्र वळणामागच्या चॅपेलमध्ये जाऊन मेणबत्ती लावलीत आणि आमच्याकडे वळून "शार्ल" एवढेच म्हणालात. मग डोंगरात वसलेल्या त्या शहराची खरी वाट आम्हाला कळली. इमारतींच्या आडोशाला, बोगद्यासारख्या बोळांच्या टोकाला असलेल्या सार्वजनिक लिफ्ट, ज्यांना पैसे पडत नाहीत आणि ज्यांच्याकडे पाहुण्यांचे सहसा लक्ष जात नाही, त्यांतून आपण आम्हाला वर नेलेत आणि पलीकडे समुद्राच्या बाजूला खाली उतरवलेत. बाबांना धाप लागली की आपणही थांबत होता, जणू आपल्यालाच दम खायचा होता.

पोर्तिएला बाबांनी कठड्यावर हात टेकवला. तळहाताला टायरच्या रबराची काळी भुकटी लागली, ती त्यांनी बराच वेळ पुसली नाही. आपण काही न विचारता बाजूला उभ्या राहिलात. निघताना पावाच्या पिशवीचा एक तुकडा फाडून त्यावर परतीच्या वाटेवरच्या लिफ्ट काढून दिल्यात: छोटे चौकोन आणि त्यांच्या शेजारी वर-खाली बाण.

रविवारी बंदरालगतच्या स्टँडपर्यंत आम्ही त्याच कागदाच्या आधारे, बाबांना एकही मोठा चढ चढू न देता पोहोचलो. शार्ल लक्लेर जिंकला तेव्हा बंदरातल्या बोटींचे भोंगे वाजू लागले. १९३१ मध्ये लुई शिरों जिंकल्यानंतर मोनॅकोच्या माणसाने ही शर्यत प्रथमच जिंकली होती. शेवटच्या फेऱ्यांमध्ये दिवंगत वडिलांच्या आठवणीने डोळे भरून आले होते, असे त्याने नंतर सांगितले. मी ते वाचून दाखवले, तेव्हा बाबा काही वेळ गप्प होते. मग चष्म्याच्या घरात जपून ठेवलेला आपला तो कागद काढून म्हणाले, "त्या बाईंची मेणबत्ती पावली बघ."

आपला कृतज्ञ,
पायरीवर बसलेल्या त्या गृहस्थांचा मुलगा