काकाजी, तुमच्यामुळे ते मटण नरम झालं

काकाजी, सादर नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही 'राहू दे पोरी' म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

दिवाळीत भाऊ सुटीवर आला होता. पलटणीच्या मेसमध्ये त्याने संत्र्याच्या रसात मुरवलेलं डुकराचं मटण खाल्लं होतं, आणि ते त्याला घरी हवं होतं. आपण वरूड तालुक्यातले, आंबिया बहाराची संत्री दारात उतरत होती, मला वाटलं यात काय अवघड आहे? आदल्या रात्रीच जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, पातेल्यात मांस ठेवलं आणि त्यावर आठ-दहा निंबं पिळली. सकाळी बघते तर वरून पांढरं पडलेलं, बोट लावलं की पिठासारखं सुटत होतं. कच्चं राहील या भीतीने दीड तास शिजवलं. वरून लगदा, आतून लाकूड. भाऊ मुकाट्याने जेवून उठला. त्याने नावं ठेवली असती तर बरं वाटलं असतं.

तुम्हाला हे कोणी सांगितलं, मी विचारलं नाही. पुढच्या रविवारी तुम्ही कापडात गुंडाळलेला थर्मामीटर घेऊन आलात. कामठीच्या लष्करी छावणीत सारी उमर मेसच्या चुलीपुढे काढलेला माणूस माझ्या चुलीपाशी पाटावर बसला. आपल्याकडे हे मटण शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, वेगळ्या भांड्यात, पुरुष माणसंच शिजवतात. घरात, बाईच्या हाताखाली बसून, 'तू कर, मी पाहतो' असं म्हणणारे तुम्ही पहिले.

आधी तुम्ही मांस उजेडात धरायला लावलं. साबुदाण्यासारखे पांढरे दाणे, म्हणजे टेपवर्म या पट्टीसारख्या जंताच्या अळ्या, दिसले तर फेकून द्यायचं, पैशाचा विचार करायचा नाही. मोकाट डुकराचं आणायचंच नाही, पाळलेल्याचंच आणायचं. मग पाठीच्या कण्याला आतून चिकटलेली ती लांबट पट्टी दाखवलीत, जिला तुम्ही टेंडरलॉइन म्हणता. एका जनावरात दोनच निघतात. तिच्यावरचा चकचकीत पांढरा पापुद्रा शिजून विरघळत नाही, आक्रसतो आणि तुकडा वाकडा करतो. सुरीचं टोक पापुद्र्याखाली सारून, पातं वर धरून तो कसा ओढत न्यायचा, हे तुम्ही माझा हात धरून शिकवलंत. पहिल्यांदा मांसही सोलून निघालं. तुम्ही काही बोलला नाहीत, दुसरी पट्टी पुढे केलीत.

आणि आंबटाचं! "पोरी, निंबू मांसाले बाहेरून शिजवते, आतमंदी जात नाही. रातभर कायले बुडवते?" संत्र्याचा रस जास्त, निंबू एकच, आणि दोन-तीन तास बस. किसायची ती नुसती केशरी साल, खालचा पांढरा भाग कडू. त्यात लसूण, मिरे, मीठ, थोडं तेल. भांडं काचेचं नाहीतर स्टीलचं, कारण जर्मनला आंबट खातं. तव्यावर टाकायच्या आधी मांस पुसून कोरडं करायचं, कारण संत्र्यातली साखर लगेच जळते. मी आयुष्यभर ओलंच टाकत आले होते.

पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा, जाळ तुम्ही तवा तापवण्यापुरताच ठेवलात. चारही अंगांनी लालसर झालं की बाभळीच्या निखाऱ्यावर झाकण. मी पाच वेळा झाकण उघडलं, पाचही वेळा तुम्ही हसलात. अमेरिकेच्या सरकारी नियमात ६३ अंश सेल्सिअस आणि वर ३ मिनिटं विसावा पुरेसा मानतात, हे तुम्हीच सांगितलंत. पण "आपल्याकडं ७१ च धर, टेपवर्मचा भरवसा नाही." मला ते पटलं. थर्मामीटरची सुई मांसाच्या जाडीच्या मधोमध, तव्याला न लावता. ७१ दिसलं तसं उतरवलं. दहा मिनिटं कोणी हात लावायचा नाही, हे तर सगळ्यात अवघड होतं. ज्या रसात कच्चं मांस मुरलं होतं तो फेकला नाही, खळखळून उकळून आटवला आणि वरून ओतला. शेवटी सांबार, म्हणजे कोथिंबीर.

कापलं तेव्हा सुरीखाली पाणी सुटलं, काकाजी. गुलाबी नाही, पण ओलं. संत्र्याच्या सालीचा वास अख्ख्या माजघरात भरला.

भाऊ तेव्हा ड्यूटीवर परतला होता. संक्रांतीला दोन दिवसांसाठी आला, आणि त्या वेळी मी एकटीनेच केलं. ज्वारीच्या तीन भाकरी खाल्ल्या त्याने. तव्याला चिकटलेला रस चौथ्या भाकरीच्या तुकड्याने पुसून घेतला आणि "ताई, अजून आहे का?" असं विचारलं. मी चुलीकडे तोंड करून बसले होते, म्हणून डोळ्यांतलं त्याला दिसलं नाही.

थर्मामीटर अजून माझ्याकडेच आहे. मृग बहाराची संत्री फेब्रुवारीत उतरतील, तेव्हा काकूंना घेऊन या. पट्टी मी साफ करून ठेवते, तुम्ही फक्त पाटावर बसा.

तुमची,
शेजारच्या वाडीतली पोरगी