अंधारातही हिरवी होणारी झाडे

महोदय,

आपल्या विज्ञान पुरवणीतील प्रकाशसंश्लेषणावरील लेखात उजेडाशिवाय कोणतेही रोप हिरवे होत नाही, असे सरसकट विधान आले आहे. घेवडा, गहू किंवा सूर्यफूल यांना ते लागू पडते. पाइनसारख्या सूचिपर्णी वृक्षांना मात्र नाही. पाइनचे बी बंद डब्यात रुजवून काही आठवड्यांनी झाकण काढले, तर टरफलाची टोपी डोक्यावर तशीच असलेली त्याची सुईसारखी बीजपत्रे हिरवी आढळतात. त्याच डब्यातला घेवडा पिवळट, लांबुडका झालेला असतो.

याचे कारण हरितलवकाच्या, म्हणजे पेशीतील प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या हिरव्या घटकाच्या, स्वतःच्या डीएनएमध्ये आहे. हरितद्रव्य तयार होण्याच्या अखेरच्या टप्प्यांपैकी एका टप्प्यावर सपुष्प (फुले येणाऱ्या) वनस्पतींचे विकर (एन्झाइम) प्रकाश पडल्याखेरीज कामाला लागत नाही. सूचिपर्णींकडे ते विकर तर असतेच, शिवाय त्याच कामासाठी प्रकाशाची गरज नसलेले दुसरे विकरही असते, आणि त्याचे तिन्ही घटक घडवणारी जनुके हरितलवकातच असतात. सपुष्प वनस्पतींनी ती उत्क्रांतीच्या ओघात गमावली. तंबाखूच्या हरितलवकाचा संपूर्ण जनुकक्रम १९८६ साली वाचला गेला, जपानी काळ्या पाइनचा १९९४ साली. पहिला सुमारे १,५६,००० आधारजोड्यांचा (म्हणजे डीएनएच्या 'अक्षरां'च्या जोड्यांचा), दुसरा सुमारे १,२०,००० चा. कारण तंबाखूत उलटसुलट दोनदा येणारा मोठा खंड पाइनमध्ये जवळजवळ उरलेलाच नाही. आकाराने लहान असलेल्या संचात मोठ्या संचाने टाकून दिलेली जनुके टिकून राहावीत, ही गंमत लेखात यायला हवी होती.

अर्थात जनुक असणे आणि ते व्यक्त होणे, म्हणजे प्रत्यक्ष कामाला लागणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गिंकगो या सपुष्प नसलेल्या वृक्षाच्या हरितलवकात ही तिन्ही जनुके आहेत, तरीही त्याचे रोप अंधारात जवळपास पिवळेच राहते. शिवाय हरितलवकाचा कारभार एकट्याचा नसतो. कार्बन डायऑक्साइड बांधून ठेवणाऱ्या रुबिस्को या विकराचे आठ मोठे घटक हरितलवकातील जनुकावरून बनतात, तर आठ लहान घटकांची जनुके पेशीच्या केंद्रकात असतात, आणि दोन्हीकडचे उत्पादन जुळल्याशिवाय विकर उभे राहत नाही. पाइनच्या रोपात प्रकाशसंश्लेषणाची केंद्रकातील काही जनुकेही अंधारात व्यक्त होतात, हे त्यामुळे अधिकच महत्त्वाचे ठरते.

पुढील अंकात या विधानातील 'कोणतेही रोप' हे शब्द बदलून 'सपुष्प वनस्पतीचे रोप' असे करावे, ही विनंती.

आपला,
वनस्पतिशास्त्राचा एक शिक्षक