तुझी जिलबी माझ्याकडे उसनी

इंदूर, रविवार सकाळ

प्रिय वसंता,

तुझं पत्र परवा मिळालं. विमा कंपनीने हप्ता वाढवला, कारण काय तर बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, 28.4. वर तो पोरसवदा एजंट 'काका, पोटाकडे बघा जरा' म्हणाला, हे वाचून मी एकटाच हसत सुटलो. हिने विचारलं, काय झालं? सांगायची सोय नव्हती. दिवाळीत तू आलास तेव्हा सराफ्यात, आपल्या रात्रीच्या खाऊबाजारात, तुझ्या हातातली जिलबी काढून घेत मीही तेच म्हणालो होतो. 'माझा 22.3 आहे भिया, मी खातो.' आणि खाल्ली. तूपण हसलास, पण त्यानंतर दुसऱ्या कशालाच हात लावला नाहीस.

आता माझं ऐक. तू गेल्यावर तीनेक आठवड्यांत मला पेपर वाचताना अक्षरं धूसर दिसायला लागली. चष्म्याचा नंबर तपासायला गेलो, तर चष्मेवाला म्हणाला, आधी साखर बघून या. एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, निघाली 7.1. साडेसहा झालं की मधुमेह. वर्गात तुम्ही ज्याला 'काडी' म्हणायचात, त्याला मधुमेह! नमुन्यांची अदलाबदल झाली असणार असं धरून मी दुसरीकडे रक्त दिलं. तिथे 7.2.

डॉक्टरांनी माझ्या 63 किलोंचं काडीचंही कौतुक केलं नाही. टेबलाच्या खणातून टेप काढली आणि कंबर मोजली. 94 सेंटीमीटर. आपल्याकडच्या पुरुषांसाठी 90 ही धोक्याची रेषा, बायकांसाठी 80. हातपाय काटक्यांसारखे आणि मध्ये मडकं, असा सगळा प्रकार. जन्मभर सैल सदरे घातले, कुणाला दिसणार? पोटातली चरबी आतड्यांभोवती आणि यकृतात जाऊन बसते, मग इन्सुलिन असूनही त्याला कुणी जुमानत नाही, असं त्यांनी समजावलं.

मग मी हट्टाने वाचायला बसलो. बीएमआयचा हा आकडा मुळात कुठल्या डॉक्टरने काढलेलाच नाही. क्वेटले नावाचा बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ 1830 च्या दशकात 'सरासरी माणूस' कसा असतो ते शोधत होता. त्याला दिसलं की मोठ्या माणसांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. म्हणून वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचं. बीएमआय हे नाव तर 1972 चं, अमेरिकेतल्या अँसेल कीज यांनी दिलेलं, तेही हजारो लोकांची एकगठ्ठा पाहणी करताना. तिथे हा आकडा चांगला चालतो. तुझ्यामाझ्यावर आणून लावला की घोळ. आणि रेषासुद्धा काही देवाने आखलेल्या नाहीत! 1998 मध्ये अमेरिकेने पुरुषांच्या जादा वजनाची रेषा 27.8 वरून 25 वर आणली. लाखो माणसं रात्री सडपातळ झोपली आणि सकाळी जाडी होऊन उठली.

पण मला खरा हादरा दिला तो तुझ्या पुण्याने. तिथल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापला. दोघांचाही बीएमआय 22.3, म्हणजे नेमका माझा! युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2 टक्के. याज्ञिकांच्या कामात पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही आहेत. वजन सरासरी 2.7 किलो, इंग्लंडच्या बाळांचं 3.5. आपली बाळं स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत कमी भरतात, पण कातडीखालची चरबी तेवढी राखून असतात. म्हणजे माझं हे मडकं पाळण्यातलंच म्हणायचं. (पोह्यांवरच्या शेवेचा दोष थोडा तरी कमी झाला, असं मी हिला सांगून पाहिलं. पटलं नाही.)

तू मल्हारगंजात आखाड्यात जोर काढायचास तेव्हापासूनचं तुझं अंग मला माहीत आहे. काट्याला मांस आणि चरबी यांतला फरक कळत नाही. तुझी साखर, रक्तदाब ठीक आहे म्हणतोस, तर त्या एजंटला मनावर घेऊ नकोस. पण लगेच मिशीला पीळही देऊ नकोस. आपल्या लोकांसाठी रेषा आणखी खाली आहे, 23 पासून जादा वजन आणि 25 पासून लठ्ठपणा. आखाडा सुटूनही आता तीस वर्षं झाली, वस्ताद.

तेव्हा वहिनींच्या शिलाई मशीनच्या खणातली टेप घे. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध गुंडाळ, श्वास सोडून, पोट आत न ओढता. आपण फोटो काढताना ओढतो तसं अजिबात नाही. आकडा उंचीच्या निम्म्याच्या आत हवा, म्हणजे तुझा 86 सेंटीमीटरच्या आत. जो येईल तो खरा खरा कळव. विम्यावाल्यांना काय सांगायचं ते मग बघू.

माझं सध्या बरं चाललंय. सकाळी नेहरू पार्कात पाऊण तास चालतो, रात्री गोळी घेतो. बाजारात गराडू, ते तळून खायचे कंद, आलेत. हिने मला चार तुकडे मंजूर केलेत आणि मोजायला समोर बसते. संक्रांतीला येशील तेव्हा सराफ्यात जाऊ. ती जिलबी मी परत देईन, आणि तू खाशील तेव्हा मी बघत बसेन.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
काडी