कुणी दिले, कशाचे दिले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींत ‘घरबसल्या टायपिंग करा, दरमहा २५ हजार मिळवा’ अशा चार ओळी असतात. रविवारच्या पुरवणीत मोबाइलवरून लाखो रुपये मिळवणाऱ्या एखाद्या मुलाचा फोटो असतो. पहिल्या प्रकाराने मला फसवलं, दुसरा कधी माझ्या वाट्याला आला नाही. तरीही आज मी घरी बसून इंटरनेटवरून येणारं काम करते आणि महिन्याला चार-पाच हजार मिळवते. एखादा महिना कोरडाही जातो. नव्याने सुरुवात करणाऱ्या मुली-बायकांसाठी हे पत्र लिहिते आहे.

मी वसमतला राहते. यजमान हळदीच्या आडतीवर हिशेब लिहितात. लग्नाआधी परभणीला मराठी टायपिंगच्या ३० आणि ४० शब्दगतीच्या दोन्ही परीक्षा पास झाले होते, त्या वेळच्या लोखंडी मशीनवर. ती सर्टिफिकेटं वीस वर्षं पेटीत पडून होती. २०२१ मध्ये आडत कधी चालू, कधी बंद, अशा दिवसांत वरच्यासारखीच एक जाहिरात वाचून मी फोन केला. नोंदणीचे ९९९ रुपये भरले. त्यांनी इंग्रजी पानांचे पुसट फोटो पाठवले. आठ दिवसांत पाचशे पानं, तीही ९५ टक्के बिनचूक हवीत म्हणाले. रात्री-रात्री जागून टाइप करत होते. सातव्या दिवशी त्यांची वेबसाइटच उघडेना. नवव्या दिवशी ‘वकिलां’चा फोन आला, की तुम्ही करार मोडलात, साडेपाच हजार भरा, नाहीतर कोर्टात यावं लागेल. पाठोपाठ व्हॉट्सॲपवर नोटीस आली. वर तराजूचं चित्र, खाली गोल शिक्का. मी घाबरले आणि भिशीचे तीन हजार भरून टाकले. घरात कुणाला सांगितलं नाही. वर्षभराने गल्लीतल्या वकील भाऊंना ती नोटीस दाखवली, तेव्हा त्यांनी बोट ठेवून दाखवलं, की हिच्यावर ना कोर्टाचं नाव आहे, ना वकिलाचा पत्ता. ते साधं वाचायचं भान त्या दिवशी मला राहिलं नव्हतं.

खरं काम २०२२ मध्ये मिळालं, तेही जाहिरातीतून नाही. माझी पुतणी नांदेडला शिकते. तिच्या ओळखीच्या झेरॉक्सवाल्याकडे पुण्याहून एकांची चौकशी आली होती. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे एका निवृत्त गुरुजींनी, लहानपणच्या आठवणी वह्यांत लिहून ठेवल्या होत्या. पुण्यात एकदा टाइप करून घेतल्या, पण चुका इतक्या की गुरुजी रागावले. झेरॉक्सवाल्याला वेळ नव्हता. पुतणी म्हणाली, ‘काकू, तुम्हाला येतं ना मराठी टायपिंग?’

गुरुजींचं बालपण पैनगंगेच्या काठावरच्या गावात गेलेलं. नदीच्या अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे वऱ्हाड. वह्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर यायचे, मी पुतणीच्या जुन्या लॅपटॉपवर टाइप करून फाइल पाठवायचे. आधीच्या टायपिस्टने ‘करोडगिरी नाका’ जिथे जिथे आला तिथे ‘करोडपती नाका’ केला होता. करोडगिरी म्हणजे निजामाच्या राज्यातली जकात, हे त्याला कुठून कळणार? माझ्या आजीच्या तोंडी तो शब्द होता. ‘हाली’ म्हणजे निजामाचा रुपया आणि ‘कलदार’ म्हणजे इंग्रजांचा, सात हाली दिले की सहा कलदार, हेही आजीनेच सांगितलेलं. त्या टायपिस्टने ‘हाली’ चूक समजून ‘हल्ली’ करून ठेवलं होतं.

मला अडचण आली ती बोटांची. जुन्या मशीनवरची अक्षरं एका जागी, कॉम्प्युटरच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर दुसऱ्या. बोटं सारखी जुन्या जागी जायची. ‘वऱ्हाड’ हा शब्द पानापानावर, आणि माझ्याकडून दर वेळी ‘वर्हाड’ व्हायचा, र डोक्यावर जाऊन बसायचा. दोन दिवसांनी पुतणीने फोनवर शोधून दिलं, की शिफ्ट धरून जे, मग डी, मग यू. जेच्या वरच्या घरात आडव्या रेघेच्या र साठीचं वेगळं अक्षर आहे, डी म्हणजे हलन्त, यू म्हणजे ह. त्या संध्याकाळी मी वहीच्या मागच्या पानावर वऱ्हाड, दऱ्या, सुऱ्या, वाऱ्यावर असे शब्द काढले आणि बोटांना सवय होईपर्यंत टाइप करत बसले. आज लोक माझ्याकडे काम देतात ते वेगासाठी नाही, अशा अक्षरांसाठी देतात.

३२ पानं, पानाला २० रुपये, ११ दिवस. पान अर्ध्या तासाचं, म्हणजे तासाला ४० रुपये पडले. आमच्या शिवारात निंदणीला गेले असते तर याहून जास्त मिळाले असते, हे मला तेव्हाही कळत होतं. पण दुपारी डाळ निवडत असताना ६४० रुपये जमा झाल्याचा मेसेज आला आणि सूप हातात तसंच राहिलं. सासूबाईंना दाखवलं. त्यांनी विचारलं, ‘कुनी दिले? अन् कशाचे?’ मी सांगितलं, पुण्याच्या एका मुलाने दिले, त्याच्या वडिलांच्या वह्या लिहून दिल्या त्याचे. त्या म्हणाल्या, ‘मंग चांगलंय.’

हे इतकं सविस्तर सांगण्याचं कारण आमच्या गल्लीतली एक मुलगी आहे. गेल्या वर्षी तिच्याही खात्यात पहिली कमाई आली, २१० रुपये. टेलिग्रामवरच्या एका ग्रुपने तिला हॉटेलांना पाच-पाच तारे द्यायला लावले आणि पैसे खरोखर पाठवले. तिने आनंदाने सगळ्यांना दाखवले. मलाही दाखवले, आणि मीही शाबासकी दिली, याचं मला आजही वाईट वाटतं. मग ‘टास्क’साठी आधी हजार भरायला सांगितले, तेराशे परत आले. मग पाच हजार, मग बारा हजार. स्क्रीनवर तिच्या नावाने २६ हजार दिसत होते, पण ते काढायला आणखी नऊ हजार ‘कर’ मागितला, तेव्हा ती रडत आईकडे गेली. ते १७ हजार नर्सिंगच्या फीचे होते. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला तो पाच दिवसांनी. लगेच केला असता तर पुढच्या खात्यात पैसे अडवता येण्याची शक्यता असते, पण हा नंबरच घरात कुणाला ठाऊक नव्हता.

पैसे आले म्हणजे काम खरं, असं आपण समजतो. तिचे २१० रुपयेही आलेच होते. ते हॉटेल कुठलं, तिचे तारे कुणाला हवे होते, पैसे कुणी दिले, यातलं तिला काही सांगता येत नव्हतं. माझ्या ९९९ रुपयांच्या वेळी मलाही नसतं आलं. ती पाचशे इंग्रजी पानं कुणाला वाचायची होती, हा प्रश्न मी स्वतःला एकदाही विचारला नाही.

यूट्यूबचं थोडक्यात लिहिते. जाहिरातींचे पैसे सुरू व्हायलाच १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलं जाणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज लागतात. खात्यात १० डॉलर झाले की पत्ता तपासायला पोस्टाने पिन येतो, आणि १०० डॉलर झाल्याशिवाय बँकेत काही जमा होत नाही. मुलांनी व्हिडिओ जरूर करावेत, पण त्यावर फी भरायचं ठरवू नये.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. घरबसल्या कामाची जाहिरात घेताना देणाऱ्याचा पूर्ण पत्ता मागावा, आणि काम देण्याआधी तो पैसे घेणार आहे का, हे विचारावं. घेणार असेल तर ती जाहिरात छापू नये. आमच्याकडे पेपरात आलेलं खरं मानतात, मीही तसंच मानलं होतं. त्याच रकान्यात रोज १९३० हा नंबर ठळक छापावा. दुसरी विनंती अशी, की लाखांच्या बातम्यांशेजारी कधीतरी तासाला ४० रुपयांनी सुरुवात केलेल्यांचंही छापावं, कुठलं काम, किती दिवस, किती पैसे, सगळं आकड्यांसह. गुरुजींच्या वह्यांसारखी कागदपत्रं मराठवाड्यात घरोघरी आहेत. ती वाचता येणारी माणसंही इथेच आहेत.

पत्राखाली माझं नाव छापू नये. नावावरून गल्ली कळेल आणि गल्लीवरून ती मुलगी. तिचं अजून लग्न व्हायचं आहे, आणि या महिन्यात ती माझ्याकडे इनस्क्रिप्ट शिकायला येऊ लागली आहे.

आपली,
एक वाचक,
वसमत, जि. हिंगोली