फोरोल्योच्या काकांना: तुमची काठी अजून आमच्याकडेच आहे

प्रिय काका,

तुमचं वय मी विचारलं नाही, पण बाबांनी पहिल्या पाच मिनिटांत तुम्हाला 'दादा' करून टाकलं, मग मला काका म्हणणं आलंच. इटालियन मला कॉफी मागण्यापुरतं येतं आणि जर्मन तुम्हाला मिलिटरीत शिकल्याएवढंच, त्यामुळे त्या रात्री जे बोलायचं राहिलं ते मराठीत लिहून टाकतेय, तुमची मुलगी ॲपमधनं काढेल काय अर्थ निघतो तो.

सप्टेंबर २०२३ चा शनिवार होता. बाबा साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी झुरिकला आलेले, आणि तळ्याकाठच्या बाकावर बसून बसून वैतागलेले. माझे इथले मराठी मित्र म्हणाले वेर्झास्काच्या खोऱ्यात ने, लावेर्तेत्सोचा तो दोन कमानींचा पूल दाखव, पण तिथे शनिवारी पुलावर माणसं कमी आणि मोबाईल जास्त असतात, म्हणून मी पलीकडचं खोरं शोधलं, स्वित्झर्लंडच्या इटालियन बोलणाऱ्या भागातलं तुमचं वाल बावोना. प्लॅन सोपा होता: कावेर्न्योपासनं चालत तुमची वस्ती फोरोल्यो, तिथल्या धबधब्याच्या वर पुंतीदला जाऊन यायचं, आणि लास्ट बसने खाली बिन्यास्कोच्या हॉटेलवर.

जातानाची गंमत तुम्हाला सांगायची राहिली. १० ऑगस्टला आल्प्सखालच्या गॉटहार्डच्या नव्या बोगद्यात मालगाडी घसरली होती ना, तर आमची गाडी जुन्या डोंगरातल्या लाईनवरनं गेली. त्या लाईनवर वासेनचं चर्च तीनदा दिसतं, एकदा वर, एकदा समोर, एकदा खाली, कारण गाडी बोगद्यांतनं गोल गोल फिरत चढते. तिसऱ्यांदा दिसल्यावर बाबांनी हात जोडले आणि म्हणाले, "झाली बघ प्रदक्षिणा, आता दिवस चांगला जाणार." (काय गेला ते पुढे आहेच.)

तुमच्या खोऱ्यात मात्र बाबा गप्प झाले. ते पाटण तालुक्यातले, कोयनेच्या वरच्या अंगाला आमची वाडी. दगड त्यांना नवीन नाही. पण घराएवढ्या धोंड्याच्या माथ्यावर पाठीवरनं माती वाहून नेऊन तिथे गवताचा नाहीतर भाजीचा तुकडा केलेला, आणि वर चढायला धोंड्यातच पायऱ्या खोदलेल्या, हे बघून ते खाली बसले आणि मला म्हणाले, "ह्या लोकांकडं जमीनच नव्हती गं." मी तोवर फोटोच काढत होते. घरांचे ते दगडी फरशांचे छप्पर, चुना न सिमेंट न घालता रचलेल्या भिंती, प्रत्येक ठिकाणी बाबा हात लावून बघणार, फटीत बोट घालून बघणार, त्यामुळे दोन तासांचं चालणं आमचं चार तासांचं झालं आणि गणित तिथेच चुकलं.

फोरोल्योचा धबधबा शंभर मीटरच्या वर आहे आणि पुंतीदची वाट त्याच्या बाजूनेच दगडी पायऱ्यांनी चढते. चढताना काही नाही. वरचा तो कमानीचा छोटा पूल, आणि पाठीमागे एकदम सपाट, हिरवं, गप्प पडलेलं कालनेजाचं खोरं, त्यात जेर्रा नावाच्या वस्तीत मोठ्या धोंड्यांच्या पोटात केलेल्या खोल्या, ज्याला तुम्ही 'स्प्लुई' म्हणालात, कुठे बकऱ्या बांधायला, कुठे चीज ठेवायला. बाबा एकीच्या आत वाकून गेले आणि आतनंच ओरडले, "गार हाय गं, फ्रीज हाय फ्रीज!"

उतरताना साधारण अर्ध्या वाटेवर त्यांचा उजवा गुडघा धरला. धरला म्हणजे वाकेचना. सहा वाजून गेलेले, सावली पार वरपर्यंत चढलेली, माझ्या फोनला एक काडी रेंज नाही, आणि तेव्हा मी बसचं टाइमटेबल परत उघडून बघितलं तर मी रविवारचा कॉलम वाचला होता. शनिवारची लास्ट बस गेलेली. चूक शंभर टक्के माझी, आणि बाबांना सांगायची हिंमत होईना.

तेवढ्यात मागनं तुम्ही आलात, पाठीवर ती उभी वेताची टोपली, 'जेर्ला', तिच्यात सरपण. एक शब्द बोलला नाहीत. बाबांचा पाय बघितलात, माझी सॅक काढून घेतलीत, सरपण वाटेच्या कडेला नीट रचून ठेवलंत (टाकलं नाहीत, रचलंत, हे बाबांनी नंतर दहा वेळा सांगितलं), सॅक टोपलीत घातलीत आणि तुमच्या हातातली चेस्टनटची काठी बाबांच्या हातात दिलीत. मग प्रत्येक पायरीला तुम्ही एक पायरी खाली, तिरके उभे, खांदा पुढे. बाबांनी हात ठेवायचा, उतरायचं, थांबायचं. पाऊण तास लागला असेल. रस्त्याला लागेपर्यंत तुम्ही एकदाही घड्याळ बघितलं नाहीत, आणि मी किमान वीस वेळा.

मला वाटलं आता गाडीने सोडाल खाली. तुम्ही गाडीकडे बोट दाखवून हातानेच बाटली तोंडाला लावायची खूण केलीत, म्हणजे दुपारी वाईन झालीय, आता चालवणार नाही. मग घराकडे बोट दाखवलंत. विषय संपला.

आत दिवा नव्हता. म्हणजे बल्बचा. मला वाचून माहीत होतं की सान कार्लो गाव सोडलं तर बावोनाच्या वस्त्यांना लाईनची वीज नाही, कोणी सोलर लावतं, कोणी गॅस. बाबांना माहीत नव्हतं. दिवसभर त्यांनी डोक्यावरनं जाणाऱ्या हाय टेन्शनच्या तारा बघितलेल्या, वर रोब्येईकडे धरणं आहेत हे मी सांगितलेलं. तुम्ही कंदील पेटवलात आणि त्यांनी मला विचारायला लावलं की तारा आहेत आणि लाईट कशी नाही. तुम्ही खांदे उडवलेत, वर बोट केलंत, मग खाली शहराच्या दिशेने हात फिरवलात. भाषांतराची गरजच पडली नाही. बाबा लहान असताना आमच्या वाडीवरनंही कोयनेच्या तारा मुंबईकडे जायच्या आणि घरात रॉकेलची चिमणी असायची. ते एकदम मोठ्याने हसले, तुमच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "दादा, आपली एकच गत!" तुम्हीही हसलात. तुम्हाला काय कळलं देव जाणे, पण त्यानंतर तुम्ही दोघांनी माझ्याकडे वळून बघितलं नाहीत.

जेवणाचं सांगते. तुम्ही आधी सलामी कापायला घेतलीत, बाबांनी गळ्यातली तुळशीची माळ बोटांनी वर धरून दाखवली. तुम्ही क्षणभर बघितलंत, सुरी पुसलीत, सलामी परत कापडात गुंडाळलीत आणि तांब्याची कढई चुलीवर चढवलीत. मक्याचं भरड पीठ पडताना बघून बाबा ओरडले, "आरं ह्या तर कण्या!" आणि लाकडी डाव तुमच्या हातातनं काढून घेतला. पुढचा पाऊण तास पोलेंटा साताऱ्याच्या माणसाने ढवळला, एका दिशेने, न थांबता, तळाला लागू न देता, आणि तुम्ही शेजारी बसून फक्त जाळ मागे-पुढे करत होतात. वर ते बकरीचं चीज. मी इतकं जेवले की मलाच लाज वाटली.

माळेचं तुमच्या लक्षात राहिलं असणार, कारण रात्री तुम्ही मे महिन्यातल्या त्या मिरवणुकीचं सांगितलंत, कावेर्न्योहून गानारियेंतेच्या चॅपलपर्यंत पायी जातात ती. मी जमेल तसं बाबांना सांगितलं, ते म्हणाले, "म्हंजी वारीच की." मग मोबाईलमधले दिंडीचे फोटो, आणि तुम्ही चष्मा लावून प्रत्येक फोटो जवळ धरून बघितलात.

एक गोष्ट मात्र मी तुम्हाला नीट सांगितली नाही, कारण माझा घसाच दाटून आला. बाबांनी भिंतीला हात लावून विचारलं होतं, "भूकंपात टिकंल का?" आणि मी तुम्हाला नुसतंच 'भिंत छान आहे म्हणतायत' असं सांगून मोकळी झाले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, बाबा तेव्हा आठ वर्षांचे. आमचंही घर दगडमातीचंच होतं. आजी त्यात गेली. त्या रात्री तुमच्याकडे ते दगडी भिंतीला पाठ लावून झोपले, तोंडावर पांघरूण न घेता, आणि सकाळी म्हणाले, लई दिवसांनी अशी झोप लागली.

सकाळी तुम्ही स्वतः बसपर्यंत आलात. पैशाचं पाकीट काढलं तर तुम्ही इतके चिडलात की ड्रायव्हरपण बघायला लागला.

मग जून २०२४ चा शेवटचा वीकेंड. तुमच्या खोऱ्यातल्या फोंतानाला दरड आली, माणसं गेली, खाली विस्लेत्तोचा पूल पडला, आणि मी बातम्यांत ते धोंड्यांचे लोट बघत बसले. बाबांचा साताऱ्याहून दिवसातनं पाच वेळा फोन, "दादाचं काय कळलं का?" तुमच्या मुलीने चौथ्या दिवशी दोन शब्द पाठवले, बाबा ठीक आहेत. तिचे 'बाबा' ठीक आहेत हे सांगायला मी आमच्या बाबांना फोन लावला तर ते काही बोललेच नाहीत, फोन आईकडे दिला.

त्या वर्षी आषाढीला ते तुमची काठी घेऊन गेले. डॉक्टर नको म्हणत होते म्हणून फक्त शेवटचे दोन टप्पे. काठीच्या खालच्या टोकाला लोखंडाची टोपी बसवून घेतलीय आणि कोणी विचारलं की सांगतात, माझ्या भावानं दिलीय, परदेशातल्या. ती परत देण्याचं नाव काढत नाहीत, त्यामुळे तिची आशा सोडा. बदल्यात तुमच्यासाठी एक काळं घोंगडं काढून ठेवलंय, चांगलं जाड, आणि मला बजावलंय की कुरिअर नाही, हातानेच द्यायचं. वजन साडेतीन किलो भरलंय. दिवाळीनंतर परत येते तेव्हा बॅगेतनं बाकीचं काय काढायचं ते बघते.

तुमची,
दादांच्या धाकट्या भावाची मुलगी