कोळसा तुझाच

लोकमान्यनगर, इंदूर
११ फेब्रुवारी २०२६

प्रिय सुध्या,

लग्नात चारचौघांसमोर तू जे बोललास त्याचं उत्तर आज देतोय, अडीच महिन्यांनी. तेव्हा सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी हातात गराडूची गरम प्लेट होती, तोंड भाजलेलं होतं. मी मॅरेज गार्डनच्या फाटकाशी माझ्या विजेवरच्या गाडीचं कौतुक करत होतो, आवाज नाही, धूर नाही वगैरे, आणि कोळशाच्या वीज केंद्रात नोकरी केलेला तू शांतपणे म्हणालास, "धूर नाही कसा? आमच्याकडे निघतो ना. ही माझ्याच कोळशावर चालते, अव्या." सगळे हसले. मंजू सगळ्यांत जास्त हसली, आणि अजून हसते. गाडीला तिने नावच ठेवलंय, 'कोळसेवाली'.

घरी आल्यावर मी दुधाच्या हिशेबाची वही काढली. तुला ठाऊक आहे, मला एखादी गोष्ट टोचली की मी आकडे मांडायला बसतो.

तर हा बघ हिशेब, चूक असेल तर काप. जुनी डिझेल लिटरला पंधरा द्यायची. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे किलोमीटरला १८० ग्रॅम. नवी गाडी एका युनिटात सात किलोमीटर जाते. आपल्या देशाच्या ग्रिडची, म्हणजे सगळ्या वीजजाळ्याची, सरासरी धरली तर युनिटमागे ७०० ग्रॅमच्या आसपास, वर तारांतली आणि चार्जिंगमधली गळती. ओढूनताणून किलोमीटरला १२० ग्रॅम. मी वर्षाला जेमतेम आठ हजार किलोमीटर फिरतो. वाचले किती? पावणेपाचशे किलो. तुझ्या टोमण्यावर मात करायला एवढे पुरे, असं वाटून मी वही मिटणार होतो, तेवढ्यात बॅटरी आठवली. चाळीस युनिटांची ती बॅटरी बनवतानाच युनिटमागे साठ ते शंभर किलो हवेत गेलेले असतात. मधला आकडा धरला तरी तीन टन. म्हणजे पहिली सहा वर्षं मी फक्त बॅटरीचं कर्ज फेडणार! विजयनगरहून एअरपोर्टला दिवसभर हेलपाटे घालणारा टॅक्सीवाला तेच कर्ज वर्षा-दीड वर्षात फेडून मोकळा होईल. म्हणजे जो कमी फिरतो त्याने ही गाडी घेण्यात हवेचा फारसा फायदा नाही. त्याने जुनीच वापरावी आणि आणखी कमी फिरावं. हे शोरूममध्ये कुणी सांगत नाही.

आणि जुनी तरी कुठे गेली? धारच्या एका किराणा दुकानदाराने घेतली. परवा त्याने फोटो पाठवला, टपावर तेलाचे डबे बांधलेले. माझा धूर आता धारला निघतो.

मग घेतली कशाला? लग्नात मी पर्यावरण-पर्यावरण करत होतो ते निम्मं खोटं होतं, हे तुला कळलं असणारच. थोडा कंजूषपणा होता. पेट्रोल-डिझेलच्या पावत्या बघून जीव जायचा, घरच्या मीटरवर किलोमीटरला रुपया-सव्वा रुपया पडतो. थोडी ऐट होती, विजेवरच्या गाडीला मिळणाऱ्या हिरव्या नंबरपाटीची. समोरच्यांच्या मुलाने घेतली तेव्हा मी गॅलरीतून चार दिवस बघत होतो, हे मंजूला माहीत नाही. पण खरं कारण वेगळं आहे आणि ते मलासुद्धा गाडी घ्यायच्या आधी धड कळलं नव्हतं.

तुला आईची खोली आठवते ना? पोर्चला लागून, जिथे आपण सेकंड इयरला इलेक्ट्रिकल मशीन्सची घोकंपट्टी करायचो. ती अजून तिथेच असते, चौऱ्याऐंशीची आहे. थंडीत डिझेल गाडी सकाळी सहाला सुरू केली की पाच-सात मिनिटं तशीच घुरघुरत ठेवायची माझी सवय. मी आत चहा घेत असायचो. आईची खिडकी बंद असायची. मला वाटायचं तिला थंडी वाजते. मग उन्हाळ्यातही बंद असायची, तेव्हा वाटलं, म्हातारपण. तिचा खोकला, डॉक्टर, ते वाफेचं मशीन, सगळं चालू होतं, पण दोन गोष्टी एकमेकींना जोडायचं माझ्या डोक्यात आलं नाही. २०२४ च्या दिवाळीच्या आधी सफाईत मी त्या खिडकीची जाळी काढली. पोर्चकडची जाळी. साबणाच्या पाण्याचं फडकं फिरवलं आणि ते काळं झालं, मातीचा करडा रंग नव्हे, काळा, तेलकट. तीन वेळा पाणी बदललं. आई पलंगावर बसून बघत होती. म्हणाली, "असू दे रे, परत होतंच." बस, एवढंच. कधी तक्रार नाही, कधी 'गाडी पुढे उभी कर' नाही. मी म्हटलं, आई, आधी सांगायचं ना. तर म्हणे, "तुला ऑफिसला उशीर झाला असता."

निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली होती, सुध्या.

पुढच्याच महिन्यात गाडी बुक केली. आता ती खिडकी उघडी असते. खोकला गेला नाही, तो जाणारही नाही, पण ती सकाळी तिथे बसून कडुलिंबावरच्या पोपटांना नावं ठेवते. पर्यावरण म्हणशील तर माझं एवढंच, सहा बाय चार फुटांची एक जाळी.

आणि इथेच तुझा टोमणा मला पोचला. तुम्ही प्लांटच्या कॉलनीत होतात तेव्हा (कोणता प्लांट ते लिहीत नाही, तुझी पेन्शन अडकायची) मी एकदा चार दिवस राहायला आलो होतो. वहिनी सकाळी तुळशीला पाणी घालायच्या आधी एकेक पान ओल्या फडक्याने पुसत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "राख असते भावजी, रात्रीतून बसते." मी त्यावर काहीतरी विनोदही केला होता. आता कळतं, तिकडची तुळस आणि इकडची जाळी एकाच हिशेबात आहेत. मी धूर संपवला नाही, आईच्या खिडकीतून उचलून कुणाच्या तरी तुळशीवर नेऊन ठेवला. मोठ्या चिमणीला राख अडवायची यंत्रं असतात, माझ्या सायलेन्सरला काय होतं, हे तू मला शिकवशील. मान्य. पण चिमणीखाली राहणाऱ्याला त्याचं काय? सिंगरौलीचं विंध्याचल वीज केंद्र एकटंच ४७६० मेगावॅटचं. तिथल्या एखाद्या अव्याला आईची खिडकी उघडायची असेल तर त्याने कोणती गाडी घ्यायची?

'मग स्वच्छ वीज घे' म्हणशील. कोणती? धरणाची? इंदिरा सागरच्या पाण्यात बुडालेल्या हरसूदला तुझ्या मावशीचं घर होतं. २००४ च्या जूनमध्ये आपण दोघं तिथे गेलो होतो, लोक आपापली घरं आपल्याच हाताने पाडत होते, विटा, चौकटी, पत्रे ट्रॉलीत भरून छनेऱ्याला नेत होते. मावशीने देवघराची फळी तेवढी तुझ्याकडे दिली. इंदिरा सागरची १००० मेगावॅट वीज, धूर शून्य. आकड्यांच्या तक्त्यात हरसूदचा रकानाच नसतो.

सूर्याची म्हणशील, तर २०२४ पासून छतावरच्या पॅनेलला ७८ हजारांपर्यंत सबसिडी आहे, फॉर्मही भरला होता. माणूस येऊन छत बघून गेला आणि म्हणाला, "भिया, ये नीम कटवाना पडेगा." मंजू म्हणाली, आधी मला काप. विषय संपला. पोपटांनाही ते बरं पडलं.

तुझी एक सूचना मात्र मी अंमलात आणलीय. फोनवर तू म्हणाला होतास, रात्री लावतोस म्हणजे निव्वळ कोळसा पितोस, रिकामटेकडा आहेस तर भर दुपारी लाव, तेव्हा ग्रिडवर सूर्याची वीज असते. आता जेवून उठलो की प्लग लावतो आणि संध्याकाळी सहाच्या आत काढतो. त्याने हवेत किती फरक पडतो तो तूच काढ, माझ्या वामकुक्षीला मात्र शास्त्रीय आधार मिळाला.

श्रावणात आईला घेऊन ओंकारेश्वरला गेलो होतो. भेरूघाट उतरताना एक मजा झाली. पाय ब्रेकवर नाही, अॅक्सिलरेटरवर नाही, गाडी स्वतःच स्वतःला आवरत खाली येत होती आणि पडद्यावर ७८ टक्के होते ते घाटाच्या पायथ्याशी ७९ झाले. मी ओरडलोच, आई बघ, वाढली! उताराला मोटर उलटी जनरेटर होते हे आपण परीक्षेत दहा मार्कांना लिहिलं होतं, पण चाळीस वर्षांनी ते डोळ्यांनी बघताना अंगावर काटा आला रे. पुढे मोरटक्क्यापर्यंत मी आईला ते समजावत होतो. येताना तोच घाट चढायला सहा टक्के गेले. आई म्हणाली, "मग येतानाही उताराच्याच रस्त्याने यायचं होतंस."

त्या चढावरच मला आणखी एक आठवलं. इंदूरच्या नळाला येणारी नर्मदा जलूदहून हाच उंचवटा चढून येते, सत्तर किलोमीटर, पंपांनी ढकलत ढकलत. म्हणजे मी ज्या बादलीभर पाण्याने गाडी धुतो ती बादलीसुद्धा वीज पिऊन घाट चढलेली असते. महापालिकेने २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे काढले ते याच जलूदला ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायला. आता गाडी ओल्या फडक्याने पुसतो, धूत नाही. मंजूच्या मते हा आळस आहे.

गावात मी शक्यतो गाडी काढत नाही, हेही सांगून ठेवतो. राजवाड्याला बस. देवगुराडियाच्या प्लांटमध्ये रोज ५५० टन ओला कचरा घेऊन गॅस करायची सोय आहे आणि तो सिटी बसना जातो. सराफ्याच्या खाऊगल्लीतल्या पत्रावळ्यांवर बस चालते म्हण ना. मेट्रोत एकदा बसलो, सहा किलोमीटर, सुपर कॉरिडॉरची हवा खाल्ली आणि परत आलो. मुंबईला जायचं तर अवंतिका. तीही विजेवरच, म्हणजे तुझ्याच कोळशावर, पण तोच कोळसा हजारभर माणसांत वाटला जातो. माझ्या गाडीत मी एकटा आणि मागच्या सीटवर दळणाचा डबा.

आता जे सांगायला संकोच वाटतोय ते. मे महिन्यात आम्ही दोघं फ्रँकफर्टला चाललोय. मीनूला दिवस गेलेत, तारीख मेची आहे. मुंबईहून जाऊन-येऊन तेरा हजार किलोमीटर, माणशी टनभर कार्बन, दोघांचा दोन टन. गाडीने वर्षाला वाचवलेले पावणेपाचशे किलो म्हणजे चार वर्षांची कमाई एका फेरीत साफ. तीन वेळा आकडे तपासले, दर वेळी तेच. मंजूला दाखवलं. ती डिंकाचे लाडू वळत होती, वहीकडे न बघताच म्हणाली, "मग तू राहा, मी जाते."

जाणार अर्थातच मीही. नातवाला बघायला जाऊ नये असं सांगणारा हिशेब मला करता येत नाही आणि करायचाही नाही. फक्त यापुढे कुणी हिरवी पाटी बघून 'वा काका, पर्यावरणाची काळजी!' म्हटलं की मी मान डोलावणार नाही एवढं ठरवलंय. गेल्या महिन्यात सोसायटीच्या हळदीकुंकवात पुन्हा कुणी तसं म्हणालं. मी म्हटलं, आईची खिडकी होती म्हणून घेतली. त्यांना काही कळलं नाही, तिळगूळ देऊन पुढे गेल्या.

बरं, मुख्य काम. रंगपंचमीच्या गेरची मिरवणूक आटोपली की आम्ही तिघं तुझ्याकडे खंडव्याला येतोय. आईला वहिनींना भेटायचंय. आपली छोटी लाइन तर गेली, नवी रुंद कधी होईल तेव्हा होईल, पाताळपाणी-कालाकुंड आता फक्त सहलीवाल्यांसाठी. म्हणून गाडीनेच येणार. वाटेतल्या चार्जरचा भरवसा नाही. मागे एके ठिकाणी दीड तास बसलो, तीनदा कनेक्टर काढून लावला, शेवटी धाब्यावरच्या पोऱ्याने सांगितलं, "ये तो दिवाली से बंद है." त्यामुळे रात्रभर तुझ्याकडेच लावणार. हो, रात्रीच, निव्वळ कोळसा, आणि बिल तुझं.

पोर्चमध्ये १५ अँपियरचा पॉइंट आहे का ते बघ, आणि त्याला अर्थिंग खरंच आहे का तेही. आमच्याकडे पहिल्या दिवशी चार्जरचा लाल दिवा जाईना. गाडी परत करायची तयारी केली होती मी. म्हातारा वायरमन आला, पोर्चमागची फरशी उचलली, वडिलांनी १९७८ मध्ये केलेला अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा. त्याने मूठभर मीठ टाकलं, दोन बादल्या पाणी ओतलं, बिडी ओढली आणि म्हणाला, अब लगाओ. हिरवा! साडेतीन हजार मेगावॅट सांभाळलेल्या माणसाच्या घरी तो दिवा लाल राहिला तर मी ते लग्नातल्या सगळ्यांना कळवीन. तेव्हा आम्ही यायच्या आदल्या दिवशी खड्ड्यात पाणी ओतून ठेव.

वहिनींना नमस्कार. आईने लसणाची चटणी करून ठेवलीय, ती आणतो.

तुझा,
अव्या